रेस्क्यू डिस्क बनत नाहीये? की बनली, पण चालतच नाही? अडचण नेमकी कुठे आहे, ते असं शोधा

जुलैचा शेवटचा आठवडा. खरीप पीक विम्याची मुदत साधारण याच सुमारास संपत आलेली असते. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, कोणत्याही तालुक्यातल्या सेवा केंद्रावर गेलात तर सातबारा आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स हातात घेऊन लोक रांगेत उभे दिसतात. त्यातच दाखल्यांसाठी आलेली कॉलेजची पोरं. अशा दिवशी केंद्रातला एकुलता एक कॉम्प्युटर सुरूच झाला नाही तर?

दुकानदाराला फोन लावला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट मारला की विंडोज परत येतं, पण डेस्कटॉपवर ठेवलेले स्कॅन, अर्जांच्या पावत्या आणि हिशेबाच्या फाइल्स जातात. हे टाळता येतं, आणि त्यासाठीचं साधन फुकट बनवता येतं. त्याचं नाव रेस्क्यू डिस्क.

अडचण अशी, की ही डिस्क बनवताना बरेच जण मध्येच अडकतात. कधी ती बनतच नाही, कधी "यशस्वी" असा मेसेज येतो आणि कॉम्प्युटर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. असं का होतं आणि त्यावर काय करायचं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

रेस्क्यू डिस्क म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी हार्ड डिस्क किंवा एसएसडीमधलं विंडोज शोधतो आणि ते चालू करतो. यालाच बूट होणं म्हणतात. विंडोज बिघडलं असेल किंवा व्हायरसने त्याचा ताबा घेतला असेल, तर विंडोजच्या आतून दुरुस्ती करणं अवघड जातं. चोर घरातच बसलाय आणि कुलूप त्याच्याच हातात आहे, अशी ती गत.

रेस्क्यू डिस्कमध्ये स्वतःची छोटीशी ऑपरेटिंग सिस्टीम असते. कॉम्प्युटर त्या डिस्कवरून सुरू होतो आणि आतलं विंडोज झोपलेलंच राहतं. त्याच्यासोबत व्हायरसही झोपलेला असतो. मग बाहेरून स्कॅन करता येतं, फाइल्स काढून घेता येतात, बूटची दुरुस्ती करता येते.

नाव "डिस्क" असलं तरी आज ती बहुतेक वेळा पेन ड्राइव्हवर बनवतात. जुन्या डेस्कटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर डीव्हीडीही चालते.

महाराष्ट्रातलं ओळखीचं उदाहरण

या प्रकारची एक डिस्क मराठी घरांत आणि दुकानांत बऱ्याच वर्षांपासून माहितीची आहे. क्विक हील हा अँटीव्हायरस मूळचा पुण्याचा. कैलास आणि संजय काटकर या भावांनी १९९० च्या दशकात तो उभा केला. कंपनीचं आधीचं नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं, २००७ मध्ये ते क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं.

या अँटीव्हायरसमध्ये "क्रिएट इमर्जन्सी डिस्क" नावाची सोय दिलेली आहे. आवृत्तीनुसार ती मेनूत इकडेतिकडे असते, पण "टूल्स" किंवा त्यासारख्या भागात सापडते. बनवण्याची रीत साधारण अशी आहे:

- आधी अँटीव्हायरस अपडेट करायचा. डिस्कमध्ये तुमच्या कॉम्प्युटरवरचीच व्हायरसची ताजी यादी जाते. यादी शिळी असेल तर डिस्कही शिळीच बनते.
- त्याच खिडकीतल्या लिंकवरून इमर्जन्सी टूलचं पॅकेज डाउनलोड करायचं.
- ते पॅकेज एका फोल्डरमध्ये उघडायचं, म्हणजे एक्स्ट्रॅक्ट करायचं.
- त्या उघडलेल्या फोल्डरचा पत्ता प्रोग्रामला द्यायचा.
- यूएसबी की सीडी-डीव्हीडी ते निवडायचं आणि डिस्क बनवायची.

लोक अडकतात ते तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. डाउनलोड झालेली बंद झिप फाइलच दाखवली जाते, किंवा फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर असतो आणि बाहेरचा पत्ता दिला जातो. मग प्रोग्राम पुढे सरकत नाही. यावर साधा उपाय म्हणजे पॅकेज सी ड्राइव्हवर छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये उघडा आणि ज्या फोल्डरमध्ये फाइल्स प्रत्यक्ष दिसतात तोच निवडा.

आणि हे विसरू नका: यूएसबी डिस्क बनवताना त्या पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. ही गोष्ट जवळपास प्रत्येक रेस्क्यू डिस्कला लागू आहे.

आधी ठरवा, तुम्हाला कोणती डिस्क हवी आहे?

बऱ्याचदा डिस्क बरोबर बनलेली असते, पण ती त्या कामाची नसते. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

१. व्हायरस काढणारी. क्विक हीलची इमर्जन्सी डिस्क, कॅस्परस्की रेस्क्यू डिस्क ही याची उदाहरणं. ती विंडोज दुरुस्त करत नाही, फक्त घाण काढते.

२. विंडोज दुरुस्त करणारी. विंडोजमध्येच "रिकव्हरी ड्राइव्ह" बनवण्याची सोय आहे. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून बनवलेला इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हही दुरुस्तीसाठी चालतो. त्यात "रिपेअर" हा पर्याय असतो.

३. फाइल्स वाचवणारी. लिनक्सची लाइव्ह डिस्क, उदाहरणार्थ उबुंटू किंवा सिस्टीम रेस्क्यू. काहीही इन्स्टॉल न करता ती चालते आणि हार्ड डिस्कवरच्या फाइल्स दुसरीकडे कॉपी करता येतात.

विंडोज चालू असेल आणि फक्त व्हायरसचा संशय असेल, तर कदाचित डिस्कची गरजच नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन आहे. विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन स्कॅनच्या पर्यायांतून ते निवडलं, की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासणी करतो. साधारण पंधरा मिनिटांचं काम. दुसरा अँटीव्हायरस चालू असेल तर हा पर्याय लगेच दिसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

अडचण शोधण्याची किल्ली: चार टप्पे

डिस्क बनून चालू होईपर्यंत चार टप्पे असतात.

१. फाइल डाउनलोड होणं
२. पेन ड्राइव्ह किंवा डीव्हीडी ठीक असणं
३. फाइल त्यावर योग्य रीतीने लिहिली जाणं
४. कॉम्प्युटरने त्यावरून बूट होणं

आपण कुठे अडकलोय, हे आधी ठरवा. सोपी युक्ती म्हणजे बनवलेली डिस्क दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर लावून बघा. तिथे चालली तर पहिले तीन टप्पे बरोबर आहेत आणि दोष तुमच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही चालली नाही, तर आधी डिस्क पुन्हा बनवा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पेन ड्राइव्हही बदलला, सेटिंगही बदलली, फाइलही बदलली, तर कशामुळे चाललं किंवा बिघडलं हे कधीच कळत नाही.

टप्पा १: डाउनलोड

रेस्क्यू डिस्कची फाइल बहुतेक वेळा आयएसओ प्रकारची असते. व्हायरस काढणाऱ्या डिस्कची फाइल काहीशे एमबीची असू शकते, विंडोजची ५ जीबीच्या वर जाते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर एवढी फाइल एका दमात येत नाही. मध्ये रेंज गेली की ती अर्धवट राहते, आणि कधीकधी अर्धवट फाइलही पूर्ण झाल्यासारखी दिसते.

- आकार जुळवा. वेबसाइटवर दिलेला आकार आणि तुमच्याकडच्या फाइलचा आकार सारखा आहे का, ते पाहा.
- ठसा जुळवा. बऱ्याच वेबसाइट आयएसओसोबत एसएचए-२५६ नावाचा अक्षर-आकड्यांचा लांबलचक कोड देतात. हा फाइलचा बोटाचा ठसा समजा. एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी ठसा बदलतो. कॉम्प्युटरमध्ये सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून हा कोड काढता येतो.
- अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. टेलिग्रामवरच्या किंवा व्हिडिओखालच्या लिंकवरून घेतलेली "फुल व्हर्जन" रेस्क्यू डिस्क म्हणजे व्हायरसला दिलेलं आमंत्रण.
- तारीख तपासा. कॉम्प्युटरची तारीख चुकलेली असेल तर सुरक्षित वेबसाइट उघडतच नाहीत आणि ब्राउझर प्रमाणपत्राची चूक दाखवतो. दोष नेटचा नसून घड्याळाचा असतो.

गावात नेट कमी पडत असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या ब्रॉडबँडवर एकदाच फाइल उतरवून ती पेन ड्राइव्हने चार केंद्रांत वाटता येते. फक्त प्रत्येक ठिकाणी ठसा जुळवून घ्या.

टप्पा २: पेन ड्राइव्ह किंवा डीव्हीडी

क्षमता. मीडिया क्रिएशन टूलला किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. रिकव्हरी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फाइल्सही घ्यायच्या असतील तर १६ जीबी किंवा जास्त घ्या.

नकली पेन ड्राइव्ह. बाजारात फार स्वस्तात मिळणारा "६४ जीबी"चा पेन ड्राइव्ह आतून ४ किंवा ८ जीबीचाच असू शकतो. तो खोटा आकार सांगतो, फाइल घेतो, पण ठरावीक मर्यादेनंतरचं सगळं हरवतं. डिस्क "यशस्वी" बनते आणि बूट होताना अर्ध्यात थांबते. एचटू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत साधनाने खरी क्षमता तपासता येते.

"राइट प्रोटेक्टेड" असा मेसेज. मेमरी कार्ड अडॅप्टरमध्ये घालून वापरत असाल तर बाजूचं छोटं बटण "लॉक"वर आहे का पाहा. पेन ड्राइव्हला असं बटण नसेल आणि तरी हा मेसेज येत असेल, तर त्याची आतली मेमरी झिजलेली असू शकते. असा पेन ड्राइव्ह अनेकदा फक्त वाचण्यापुरता उरतो. त्यावर वेळ घालवू नका, दुसरा घ्या.

डीव्हीडीचं गणित. साधी सीडी ७०० एमबीची, साधी डीव्हीडी ४.७ जीबीची. विंडोज ११ ची आयएसओ साध्या डीव्हीडीवर मावत नाही, त्यासाठी ८.५ जीबीची ड्युअल लेयर डीव्हीडी लागते. ती सहज मिळत नाही, म्हणून तिथे पेन ड्राइव्हच बरा.

जुन्या ड्राइव्हच्या लेन्सवर धूळ बसलेली असते. अशा वेळी डीव्हीडी सर्वांत कमी वेगाने लिहा आणि शेवटी "व्हेरिफाय" वर टिक करा.

टप्पा ३: लिहिणं

सर्वांत जास्त होणारी चूक इथेच आहे. आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर किंवा डीव्हीडीवर कॉपी-पेस्ट केली म्हणजे रेस्क्यू डिस्क बनत नाही.

आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कचा साचा. तो "उघडून" लिहावा लागतो. तपासायचं असेल तर बनवलेली डिस्क विंडोजमध्ये उघडा. आत एकच मोठी आयएसओ फाइल दिसली तर ती फक्त कॉपी झालीय. बरेच फोल्डर आणि फाइल्स दिसल्या तर ती लिहिली गेलीय.

डीव्हीडीसाठी विंडोजमध्ये आयएसओवर राइट क्लिक करून "बर्न डिस्क इमेज" निवडा. पेन ड्राइव्हसाठी रुफस हे छोटं मोफत साधन उपयोगी पडतं.

रुफसमध्ये काय निवडायचं? साधारण २०१२ नंतरचे, विंडोज ८ किंवा त्यापुढचं विंडोज घेऊन आलेले कॉम्प्युटर बहुतेक यूईएफआय पद्धतीचे असतात. त्यांच्यासाठी पार्टिशनचा प्रकार "जीपीटी" निवडा. त्याहून जुने जुन्या बायोस पद्धतीचे असतात, त्यांना "एमबीआर" लागतो. इथे चुकलं की डिस्क नीट बनते, पण बूट मेनूत दिसत नाही. लिनक्सच्या काही फाइल्ससाठी रुफस "आयएसओ मोड" की "डीडी मोड" असं विचारतो. आधी पहिला वापरा, बूट झालं नाही तर दुसरा.

"फाइल फार मोठी आहे" असा मेसेज. फॅट-३२ प्रकारच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. विंडोजच्या आयएसओमध्ये अशी एक मोठी फाइल असू शकते. रुफस किंवा मीडिया क्रिएशन टूल यातून आपोआप वाट काढतात, हाताने कॉपी करणारे अडकतात.

मध्येच "अॅक्सेस डिनाइड". अँटीव्हायरस पेन ड्राइव्हवर ऑटोरन फाइल बनू देत नाही, किंवा विंडोजचं "कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस" आडवं येतं. इतर प्रोग्राम बंद करा, फाइल एक्सप्लोररमध्ये तोच पेन ड्राइव्ह उघडा असेल तर ती खिडकीही बंद करा. तरी अडलं तर तेवढ्या कामापुरतं ते संरक्षण थांबवा आणि लगेच परत चालू करा.

"रिकव्हरी ड्राइव्ह बनवता येत नाही, काही फाइल्स नाहीत." विंडोजचा स्वतःचा दुरुस्ती विभाग बंद पडला किंवा पुसला गेला की हा मेसेज येतो. फॉरमॅट मारताना छोटी पार्टिशन उडवली गेली असतील तर असं होतं. त्या कॉम्प्युटरवर फार खटपट न करता मीडिया क्रिएशन टूलने इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह बनवा, दुरुस्तीचे मुख्य पर्याय त्यातही मिळतात.

लिहिताना लाइट गेली. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर हे नेहमीचंच. अर्धवट लिहिलेला पेन ड्राइव्ह खराब होत नाही. तो पुन्हा पहिल्यापासून लिहा, "पुढून सुरू" करायला जाऊ नका.

डिस्क बनल्यावर विंडोज म्हणतं "फॉरमॅट करा". लिनक्सची डिस्क विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ते असं विचारतं. "कॅन्सल" करा. फॉरमॅट केलात तर केलेली मेहनत पुसली जाईल. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह अचानक खूप लहान दिसू लागला तरी घाबरू नका. काम झाल्यावर रुफसनेच तो साधा फॉरमॅट केला की पूर्ण जागा परत मिळते.

टप्पा ४: बूट होणं

डिस्क लावली, कॉम्प्युटर सुरू केला आणि नेहमीचंच विंडोज आलं. हा टप्पा सर्वांत जास्त डोकं खातो.

बूट मेनूचं बटण. कॉम्प्युटर सुरू करताच हे बटण टकटक दाबत राहायचं असतं. मॉडेलनुसार फरक पडतो, पण साधारण असं:

- डेल: एफ१२
- लेनोवो: एफ१२, काही लॅपटॉपला बाजूला पिनने दाबायचं छोटं नोवो बटण
- एचपी: एस्केप किंवा एफ९
- एसर: एफ१२ (काही मॉडेलमध्ये ते आधी सेटिंगमध्ये चालू करावं लागतं)
- असुस: लॅपटॉपला एस्केप, डेस्कटॉप मदरबोर्डला एफ८
- गिगाबाइट मदरबोर्ड: एफ१२
- एमएसआय मदरबोर्ड: एफ११

बटण दाबायला वेळच मिळत नाही. विंडोजचं "फास्ट स्टार्टअप" चालू असेल तर शटडाउन केल्यावरही कॉम्प्युटर पूर्ण बंद होत नाही. विंडोज चालू असेल तर शिफ्ट दाबून ठेवून "रिस्टार्ट" करा. निळा स्क्रीन येईल, त्यात "यूज अ डिव्हाइस" निवडा.

मेनूत पेन ड्राइव्ह दिसत नाही. यूएसबी हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला लावा. निळ्या पोर्टवर चालत नसेल तर काळ्या पोर्टवर बघा. त्यानंतरच जीपीटी-एमबीआरची निवड तपासा.

प्रत्येक वेळी सेटिंग विसरतो. जुन्या डेस्कटॉपवर बूटचा क्रम बदलला, लाइट गेली आणि सेटिंग पुन्हा पहिल्यासारखी झाली, तारीखही मागे गेली. मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ सेल संपलाय. हा स्वस्त सेल बदलला की निम्म्या तक्रारी मिटतात.

"सिक्युअर बूट" अडवतंय. कॉम्प्युटर सुरू होताना फक्त मान्यताप्राप्त सहीचीच सिस्टीम चालू द्यायची, असं हे कुलूप आहे. जुनी रेस्क्यू डिस्क यात अडकते. विशेष म्हणजे, काल चाललेली डिस्क आज अडू शकते, कारण विंडोज अपडेटमधून असुरक्षित ठरलेल्या जुन्या सह्या रद्द होतात. ऑगस्ट २०२४ च्या अपडेटनंतर अनेकांच्या लिनक्स डिस्क अशाच अडल्या होत्या. म्हणून पहिला उपाय कुलूप काढणं हा नाही, तर त्याच डिस्कची ताजी आवृत्ती उतरवणं हा आहे.

थांबा! सेटिंग बदलण्याआधी हे वाचा

इथे झालेली चूक महागात पडते. म्हणून दोन गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली: बिटलॉकर. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला असतो. मालकाला ते ठाऊकही नसतं. सिक्युअर बूट किंवा बायोसची सेटिंग बदलली की कॉम्प्युटर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती नसेल तर डेटा उघडत नाही. रेस्क्यू डिस्कनेही नाही आणि दुकानदारानेही नाही. म्हणून कॉम्प्युटर धड चालू असतानाच ही की शोधून वहीत लिहून ठेवा. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला, बहुतेक वेळा त्याच खात्यात ती सापडते. लॅपटॉप दुकानदाराने स्वतःच्या खात्याने सुरू करून दिला असेल, तर ती त्याच्या खात्यात असू शकते. हे आजच विचारून घ्या.

दुसरी: यूईएफआय आणि लेगसी. डिस्क चालावी म्हणून कुणी सेटिंग "लेगसी" करतं. मग डिस्क चालते, पण नंतर विंडोजच सुरू होत नाही. "हार्ड डिस्क गेली" असं वाटतं आणि कॉम्प्युटर फॉरमॅटला जातो. प्रत्यक्षात डिस्क ठणठणीत असते. सेटिंग परत "यूईएफआय" केली की विंडोज परत येतं. काहीही बदलण्याआधी मोबाइलने त्या स्क्रीनचा फोटो काढा. मूळ स्थिती काय होती ते विसरायला होत नाही.

डिस्क चालू झाली, पण हार्ड डिस्क दिसत नाही

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपमध्ये एसएसडी "व्हीएमडी" नावाच्या व्यवस्थेमागे असते. विंडोजच्या डिस्कमध्ये त्याचा ड्रायव्हर नसेल तर एसएसडी दिसतच नाही. लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवरून तो ड्रायव्हर घेऊन पेन ड्राइव्हवर टाका आणि "लोड ड्रायव्हर" मधून दाखवा.

लिनक्स डिस्कमध्ये ड्राइव्ह दिसतो, पण त्यात काही लिहिता येत नाही, असं झालं तर कारण बहुधा पुन्हा फास्ट स्टार्टअपच. फाइल्स फक्त बाहेर काढायच्या असतील तर हरकत नाही, वाचता येतं तेवढं पुरे.

अँटीव्हायरस डिस्कला अपडेटसाठी नेट हवं असतं आणि वायफाय ओळखलं जात नाही. मोबाइल केबलने जोडून "यूएसबी टेदरिंग" चालू करा, बऱ्याचदा ते चालतं.

फाइल्स काढताना कागदपत्रं, फोटो आणि हिशेबाचा बॅकअप एवढंच घ्या. प्रोग्रामच्या फाइल्स घेऊ नका, त्यांच्यासोबत व्हायरसही येऊ शकतो.

रेस्क्यू डिस्क काय करू शकत नाही?

- रॅन्समवेअरने बंद केलेल्या फाइल्स ती उघडत नाही. ती व्हायरस काढेल, पण कुलूप तसंच राहील. अशा फाइल्सवर खरा उपाय आधी घेतलेला बॅकअप हाच.
- मरत असलेली हार्ड डिस्क ती जिवंत करत नाही. डिस्क टकटक आवाज करत असेल तर स्कॅन लावू नका. आधी महत्त्वाच्या फाइल्स काढा किंवा डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.
- चोरी झालेले पैसे आणत नाही. व्हायरसमुळे बँक खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, डिस्कचं नंतर बघा.

आजच का बनवायची?

१ जुलै १९९८ ला वाशिम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा दाखल्यासाठी थेट तहसीलची पायरी चढावी लागे. आज तेच काम गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रातून होतं. याचा अर्थ पूर्वी जे कपाटात असायचं ते आता एका कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि त्यात केवळ मालकाच्या नाही तर गावातल्या कितीतरी लोकांच्या आधार आणि पासबुकाच्या प्रती आहेत. असा कॉम्प्युटर दुरुस्तीला देण्याआधी फाइल्स काढून घेता आल्या, तर त्या लोकांची माहितीही जपली जाते.

त्यातच विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. गावोगावी अजून त्यावरच चालणारे कॉम्प्युटर आहेत. सुरक्षा अपडेट न मिळणाऱ्या मशीनला रेस्क्यू डिस्कची गरज जास्त.

ही डिस्क बिघाड झाल्यावर त्याच कॉम्प्युटरवर बनवता येत नाही, हे साधं गणित आहे. शिवाय संशयित कॉम्प्युटरवर बनवलेल्या डिस्कवर भरवसाही ठेवता येत नाही. म्हणून:

१. दोन पेन ड्राइव्ह घ्या. एक विंडोज दुरुस्तीचा, एक व्हायरस किंवा फाइल्ससाठीचा.
२. चांगल्या चाललेल्या कॉम्प्युटरवर डिस्क बनवा आणि एकदा त्यावरून प्रत्यक्ष बूट करून पाहा. "यशस्वी" हा मेसेज म्हणजे पुरावा नव्हे, समोर आलेला स्क्रीन हा पुरावा. पाहून झालं की काहीही न करता बंद करा.
३. पेन ड्राइव्हवर चिकटपट्टी लावून तारीख, कोणती डिस्क आणि तुमच्या मॉडेलचं बूट बटण लिहा.
४. बिटलॉकरची की वेगळ्या वहीत ठेवा, पेन ड्राइव्हसोबत नको.
५. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्ह गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवू नका.
६. व्हायरसची डिस्क दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने बनवा. पेरणीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा, एवढं जरी पाळलं तरी बरंच.

फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. कुणी "फॉरमॅटच मारावा लागेल" म्हणालं, तर एवढंच विचारा: "आधी रेस्क्यू डिस्कने फाइल्स काढून बघितल्या का?"